कुराशिकीला अख्खा दिवस द्यावा का? (आईबाबांना घेऊन जायचंय)

सोलापूरची_लेक
नमस्कार मंडळी,
गेली चार वर्षं कोबेला राहतेय. नोव्हेंबरात आईबाबा पहिल्यांदाच इकडे येतायत, तीन आठवड्यांसाठी. क्योतो, नारा, हिरोशिमा ठरलंय. मधला एक दिवस मोकळा आहे आणि त्या एका दिवसावरून घरात दोन तट पडलेत. नवरा म्हणतो हिमेजीचा किल्ला दाखवू, जवळ आहे आणि बघण्यासारखा आहेच. माझ्या मनात मात्र कुराशिकी आहे. ओकायामाजवळचं जुनं व्यापारी गाव, कालव्याच्या दोन्ही काठांना पांढऱ्या भिंतींची कोठारं, अजून वस्ती टिकून आहे असं वाचलंय. फोटो बघूनच जीव जडलाय. पण ऑफिसातले दोघंतिघं म्हणाले की दोन तासांत संपतं, नुसती दुकानं आहेत.

आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे किल्ल्याचे उभे जिने तिला झेपणार नाहीत हा एक मुद्दा. दुसरं म्हणजे बाबा एकतीस वर्षं सूतगिरणीत होते. देवळं किल्ले त्यांना दोन झाले की पुरे होतात, पण लोक काय धंदा करायचे, माल कुठून यायचा, घर कसं बांधायचे असलं काही असेल तर तासनतास उभे राहतील.

तर जाऊन आलेल्यांनी सांगा. अख्खा दिवस द्यावा का? आई पूर्ण शाकाहारी आहे, तिच्या खाण्याचं काय करता येईल तेही सांगा.

मु_पो_सांगली
वाचतोय. आम्हालाही एप्रिलात जायचंय.

ओकायामाकाकू
अगं ये की! मी अकरा वर्षं ओकायामात आहे, दर पाहुण्याला कुराशिकीला नेते आणि अजून कंटाळले नाही. ओकायामाहून लोकल गाडीनं १७-१८ मिनिटं, स्टेशनवरून चालत दहापंधरा मिनिटं. रस्ता सपाट आहे, आईंना काही त्रास होणार नाही. एकच चढ म्हणजे मागच्या टेकडीवरचं आची देऊळ, ते नाही केलं तरी चालेल.

त्या भागाला इथे 'बिकान चिकू' म्हणतात. माझ्या सासूबाईंनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं होतं, इथे चिकूची झाडं आहेत का :) चिकू म्हणजे परिसर, बिकान म्हणजे सुंदर देखावा.

आणि हो, सोमवारी जाऊ नकोस. ओहारा कलासंग्रहालय सोमवारी बंद असतं आणि त्याच्या जोडीनं बरीच दुकानंही.

सोलापूरची_लेक
काकू!!! आमचा मोकळा दिवस सोमवारच होता. बरं झालं विचारलं. हिरोशिमा पुढे ढकलून कुराशिकी मंगळवारी करते.

तिखटजाळ
मी वेगळं मत देतो, राग मानू नका. मागच्या मे महिन्यात गोल्डन वीकमधे, म्हणजे जपानातल्या सलग सुट्ट्यांच्या आठवड्यात, गेलो होतो. फोटोत दिसतं ते कालव्याचं दृश्य खरंच सुंदर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ते दृश्य म्हणजे तीनचारशे मीटर. बाकी प्रत्येक दाराशी काहीतरी विकायला ठेवलेलं. डेनिमच्या निळ्या रंगाचं आइस्क्रीम, निळा वाफवलेला बन, डेनिमच्या पिशव्या, डेनिमच्या टोप्या. मी तिथे जुनं व्यापारी गाव बघायला गेलो होतो आणि मला नवीन बाजार दिसला. संध्याकाळी सहा वाजता सगळं बंद झाल्यावर मी मुद्दाम थांबलो आणि काठावरच्या वरच्या मजल्यांवर किती खिडक्यांत दिवा लागतो ते मोजलं. चार. लोक राहत नसतील तर त्याला जतन म्हणायचं का हा माझा खरा प्रश्न आहे. बाकी हिमेजी निदान किल्लाच आहे, तो दुसरं काही असल्याचं सांगत नाही.

वहीवेडी
माझ्यासारख्या लोकांसाठी सांगून ठेवते: ती रंगीबेरंगी कागदी चिकटपट्टी, जी आपण वह्यांना डायऱ्यांना लावतो ती वाशी टेप, तिचा सगळ्यात नावाजलेला ब्रँड कुराशिकीचा आहे. कामोई नावाची कंपनी, १९२३ साली माश्या पकडायचा चिकट कागद बनवायला सुरुवात केली आणि तिथून इथवर आली. मी तिथे एका दुकानात दीड तास होते, नवरा बाहेर हंस बघत बसला होता.

बेळगावी_कुंदा
शाकाहाराबद्दल. मी शाकाहारी, जपानला तीनदा गेलेय. मुख्य अडचण दाशीची, म्हणजे माशाच्या अर्काची. सूप, सॉस, भाजी, अगदी इनारी म्हणतात त्या गोड तोफूच्या पिशव्यांतसुद्धा ती असते, वरून कळत नाही. सकाळी घरून दशम्या, चटणी, शेंगदाण्याची पोळी असं बांधून न्या, सोलापूरच्या माणसाला शेंगाचटणी काय सांगायची म्हणा. छोट्या दुकानांत उमेबोशी घातलेला भाताचा गोळा, ओनिगिरी, मिळतो, आतलं फळ आपल्या खारवलेल्या आवळ्यासारखं लागतं, आईंना नक्की आवडेल. पाकिटावरचं मात्र फोननं वाचून घ्या. ओकायामा फळांचा भाग आहे, नोव्हेंबरात पांढरे पीच संपलेले असतात पण द्राक्षं मिळतील. आणि 'मुरासुझुमे' म्हणून कुराशिकीची जुनी मिठाई आहे, धिरड्यासारख्या पातळ पापुद्र्यात अझुकीचं, म्हणजे लाल कडधान्याचं, गोड सारण, आपलं पुरण पातळ घावनात गुंडाळलं तर कसं होईल तसं. धिरड्यात अंडं असतं, आईंना चालत नसेल तर विचारून घ्या.

ओकायामाकाकू
आणि मांसाहारी मंडळींसाठी ममाकारी! व्हिनेगरमधे मुरवलेला बोटभर मासा. ममा म्हणजे भात, कारी म्हणजे उसना घेणं. मासा इतका चविष्ट की घरातला भात संपतो आणि शेजाऱ्याकडे मागायला जावं लागतं.

मु_पो_सांगली
काकू, आमच्याकडे भात संपला की खरंच मामाकडेच जातो, तो शेजारीच राहतो.

चुनाविटा
तिखटजाळ, तुमच्या प्रश्नाला नीट उत्तर द्यावंसं वाटतंय कारण हेच माझं काम आहे (जुन्या इमारतींची दुरुस्ती, पुण्यात). कुराशिकीला मी दोनदा गेलोय, एकदा आठ दिवस राहिलोय. थोडं लांबेल.

आधी भिंत. लांबून काळीपांढरी बुट्टेदार दिसते ती नामाको भिंत. मातीच्या जाड भिंतीवर खालच्या भागात चौकोनी सपाट काळी कौलं बसवतात, खिळ्यांनी पक्की करतात आणि मग दोन कौलांमधल्या फटीवर चुन्याचा गिलावा बाहेर येईल असा जाड भरतात, अर्ध्या नळीसारखा गोल. नामाको म्हणजे समुद्रकाकडी नावाचा लांबट समुद्री प्राणी, त्या उंचवट्याच्या आकारावरून नाव पडलं. आग आणि पाऊस दोन्ही अडवण्यासाठी ही खटपट. आत माल आहे, तांदूळ आहे, कापूस आहे, शेजारी ठिणगी पडली तर सगळं संपलं. म्हणून लाकूड बाहेर उघडं ठेवायचंच नाही. हा चुना म्हणजे शिक्कुई, त्यात तागासारखे धागे आणि समुद्री शेवाळ उकळून काढलेला चिकट रस घालतात. आपले गवंडी घाण्यात चुना मळताना गूळ, बेलफळ, ताग घालायचे, तोच विचार. मी तिथल्या एका भिंतीवर पुरता अर्धा तास उभा होतो. सांध्याच्या कडेला कौलाला टेकतो तिथे गिलाव्याची कड सुरीनं कापल्यासारखी असते आणि एका भिंतीवर शंभरदोनशे सांधे, एकही दुसऱ्यापेक्षा फुगलेला नाही. ते हाताचं काम आहे, साचा नाही. आणि ठरावीक वर्षांनी पुन्हा करावं लागतं, म्हणजे ते काम येणारा माणूस जिवंत असावा लागतो. जतन म्हणजे मुळात हा माणूस टिकवणं.

आता कायदा. जपानात १९७५ साली कायदा बदलला तेव्हा एकट्या इमारतीऐवजी अख्खी वस्ती जपायची सोय झाली. कुराशिकीनं त्याच्या सात वर्षं आधी, १९६८ मधे, शहराचा स्वतःचा नियम केला होता. सोइचिरो ओहारा नावाचे तिथले कारखानदार, त्यांनी युद्धाच्या आधी जर्मनीतलं रोथेनबुर्ग हे जुनं जपलेलं गाव बघितलं होतं आणि आपलं गाव असं राखता येईल हे त्यांच्या डोक्यात बसलं. १९६८ सालीच ते वारले. पुढे १९७९ मधे कालव्याकाठचा हा भाग राष्ट्रीय यादीत आला, साधारण १५ हेक्टर.

पण मला सगळ्यात मोठी वाटते ती १९९० ची गोष्ट. त्यांनी वस्तीच्या बाहेरच्या इमारतींच्या उंचीवर बंधन घातलं, म्हणजे पुलावर उभं राहिल्यावर कौलांच्या मागे जे आकाश दिसतं त्यात कुणी टॉवर बांधू नये म्हणून. घर जपणं सगळ्यांना समजतं. घराच्या मागचं आकाश जपायचा कायदा करणारं गाव मी तरी दुसरं जवळून बघितलेलं नाही. तुम्ही परत गेलात तर नाकाबाशी पुलावर उभं राहून फक्त वर बघा. विजेच्या ताराही नाहीत, त्या जमिनीखाली घेतल्यात.

दुकानांचं तुमचं म्हणणं मात्र अर्धं बरोबर आहे. दुरुस्तीला अनुदान मिळतं, सगळा खर्च निघत नाही. मालकाला उरलेला पैसा उभा करायचा तर खाली दुकान लागतं. मला निळा बन विकणारं दुकान आवडत नाही, पण त्या दुकानाच्या भाड्यातून वरचं कौल बदलतंय हे मी डोळ्यांनी बघितलंय.

तिखटजाळ
चुनाविटा, धन्यवाद, आकाशाचं माहीत नव्हतं. मी फोटोंत तारा नाहीत हे बघितलं होतं पण का नाहीत याचा विचार केला नव्हता. माझा मुद्दा मी सोडत नाही तरी. खिडक्या चारच होत्या. नागानोतल्या त्सुमागो गावानं १९७१ मधे ठराव केला, विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही, पाडायचं नाही. ते वाटसरूंच्या मुक्कामाचं गाव, व्यापाऱ्यांचं नाही, हे कबूल. पण मला तो ठराव जास्त सरळ वाटतो.

चुनाविटा
सरळ आहे आणि कडक आहे, मला त्याचा फार आदर आहे. फक्त त्सुमागो डोंगरातलं छोटं गाव. कुराशिकी शहराच्या मधोमध आहे, रेल्वे स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर. भाड्यानं द्यायचंच नाही म्हटलं असतं तर निम्मी कोठारं कुलूप लावून पडली असती, आणि कुलूप लावलेलं घर किती दिवस टिकतं ते आपण पेठेत रोज बघतो.

ओकायामाकाकू
तिखटजाळ, तुम्ही कालव्याकाठच्या खिडक्या मोजल्यात, तिथे पूर्वीपासून कोठारंच जास्त. राहती घरं मागच्या गल्लीत, होनमाची आणि हिगाशीमाचीकडे. कालवा सोडून टेकडीच्या पायथ्याच्या रस्त्याला लागा. तिथे जुन्या जाळीदार दारांसमोर सायकली लावलेल्या असतात, कुंड्या असतात, माडीवर गाद्या वाळत घातलेल्या दिसतात. दोन घरांमधे एक माणूस जाईल एवढी बोळ असते, तिला इथले लोक 'हियासाई' म्हणतात, म्हणजे ऊन कमी पोचतं ती जागा. मी एकदा उन्हाळ्यात अशा बोळात शिरले, बाहेर नुसता वणवा आणि आत माठाजवळ बसल्यासारखं गार. एक आजी पाणी मारत होत्या, मला बघून बाजूला झाल्या आणि म्हणाल्या जा जा, इथून देवळाकडे निघतं. तर माणसं आहेत हो.

कापूसकोंड्या
कापूसकोंड्याची गोष्ट सांगू? (नाव त्यासाठीच घेतलंय. आयुष्य वस्त्रोद्योगात गेलं.)

लेकी, तुझे बाबा सूतगिरणीत होते ना, मग हिमेजीचा विषय बंद कर. कुराशिकी म्हणजे कापसाचं गाव आहे. लोक कालवा बघतात, कालवा कशासाठी होता ते कुणी सांगत नाही. ऐका.

हा सगळा भाग पूर्वी उथळ समुद्र होता, भराव घालून घालून जमीन केली. नवी जमीन खारी, भात धड येत नाही. कापूस मात्र खारटपणा सोसतो. म्हणून कापूस लावला, आणि चटयांसाठी लव्हाळं. १६४२ पासून गाव थेट शोगुनच्या अमलाखाली, तिथे त्याचा कारभारी बसायचा, त्यामुळे आजूबाजूच्या सरदारांची लुडबूड नाही. व्यापारी वाढले. कालव्यात तेव्हा भरतीचं पाणी यायचं, भरतीबरोबर होड्या आत आणि ओहोटीबरोबर बाहेर. दगडी पायऱ्या आहेत ना काठाला, त्या माल चढवण्या-उतरवण्यासाठी.

गावात जुनी तेरा घराणी होती, तीच कारभार बघायची. कापसावर जे नव्यानं वर आले त्यांच्याशी यांचं हाडवैर. ओहारा नव्यांतले, ओहाशीही नव्यांतले. ओहाशींचा वाडा १७९६ चा, अजून बघता येतो. त्याला रस्त्याच्या बाजूला लांबलचक देवडीसारखं दार आहे, तसलं दार साध्या व्यापाऱ्याला बांधायची मुभा नसायची. म्हणजे दार बघूनच कळतं की यांनी वर कुठेतरी वजन कमावलं होतं.

मग १८८८ मधे कुराशिकी बोसेकी, म्हणजे कुराबो, सूतगिरणी निघाली. पहिले प्रमुख कोशिरो ओहारा. गिरणी कुठे बांधली माहितीये? शोगुनचा कारभारी जिथे बसायचा त्याच जागेवर. इंग्लंडच्या धर्तीची लाल विटांची इमारत. आज तिला आयव्ही स्क्वेअर म्हणतात, १९७४ पासून तिथे हॉटेल आहे. भिंतीवरची वेल शोभेची नाही, गिरणीत आत गारवा राहावा म्हणून लावलेली. सूत कोरड्या हवेत तुटतं, हे तुझ्या बाबांना सांगायला नको.

आणि आता आपल्या मुलखाचा धागा. जपानचा स्वतःचा कापूस गिरण्यांना पुरेना, धागाही आखूड. मग हिंदुस्थानचा कापूस जायला लागला, मुंबईहून. बोटीचं भाडं परदेशी कंपन्यांच्या हातात, वाटेल ते घ्यायचे. जमशेटजी टाटा १८९३ मधे जपानला गेले, निप्पोन युसेन कंपनीशी बोलणी केली आणि त्याच वर्षी मुंबई ते कोबे थेट बोट सुरू झाली. लेकी, तू राहतेस त्या कोबेच्या धक्क्यावर आपल्याकडच्या कापसाच्या गासड्या उतरायच्या.

मु_पो_सांगली
कापूसकोंड्याची गोष्ट पहिल्यांदाच पूर्ण झाली.

निळीशाई
वा काका! मी ओहारा संग्रहालयाबद्दल भर घालते कारण लोक 'जपानात येऊन युरोपातली चित्रं कशाला' म्हणून टाळतात.

मागोसाबुरो ओहारा, कोशिरोंचे चिरंजीव, गिरणीचे पुढचे प्रमुख. १९०६ मधे गिरणीच्या वसतिगृहात रोगाची साथ येऊन कामगार मुली गेल्या, वडिलांनी जबाबदारी घेऊन पद सोडलं आणि हे आले. त्यांनी मोठ्या कोंदट खोल्या बंद करून मुलींसाठी छोटी छोटी घरं बांधायला घेतली, १९२१ मधे कामगारांच्या श्रमावर संशोधन करणारी संस्था काढली, १९२३ मधे रुग्णालय, जे आजही गावाचं मोठं रुग्णालय आहे. आणि त्यांचा एक चित्रकार मित्र होता, तोराजिरो कोजिमा. त्याला त्यांनी युरोपात शिकायला पाठवलं, पुढे चित्रं विकत घ्यायला पाठवलं. कोजिमानं स्वतः मोने या फ्रेंच चित्रकाराकडे जाऊन कमळांचं चित्र घेतलं, पॅरिसमधे एल ग्रेको या जुन्या चित्रकाराचं एक चित्र दिसलं तेव्हा पैशांसाठी कुराशिकीला विचारणा केली आणि होकार आला. १९२९ मधे कोजिमा गेला, आणि पुढच्याच वर्षी मित्राच्या आठवणीसाठी मागोसाबुरोंनी हे संग्रहालय उघडलं. पाश्चात्त्य कलेचं जपानातलं पहिलं.

मी ते एल ग्रेकोचं चित्र बघताना रडले होते. चित्र छोटंच आहे, एका खोलीत ठेवलंय. येशूची आई मेरी मान वळवून वर बघतेय, देवदूत अजून पुरता उतरलेला नाही. आणि मनात येत राहिलं की कुणातरी कामगार मुलीच्या बोटांतून गेलेल्या सुतावर हे आलंय इथे. दारातल्या दगडी पुलावरचे ड्रॅगनही कोजिमानंच काढलेत, ते चुकवू नका.

तिखटजाळ
हे वाचून आपण काय बघून आलो असं झालंय. मी संग्रहालयात गेलोच नव्हतो, रांग बघून परतलो.

बेळगावी_कुंदा
गोल्डन वीकला गेलात तिथेच चुकलं.

पेरूवाली
थोडं विषयांतर. पुण्याचे कुणी आहेत का? सिंहगड रोडचं पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून केलंय, पुणे आणि ओकायामाची मैत्री आहे म्हणून. आम्ही दर रविवारी आजीला न्यायचो. कोराकुएन १७०० मधे पुरी झाली. लेकी, ओकायामाला गाडी बदलणारच आहेस तर जमलं तर तीही बघ.

चुनाविटा
एकाच दिवसात दोन्ही नको. म्हातारी माणसं आहेत. कोराकुएन वेगळ्या दिवशी. आणि शक्य असेल तर कुराशिकीला रात्री राहाच. पाचनंतर सहलीच्या बस निघून जातात, तेव्हा ते गाव गावासारखं वागायला लागतं.

काळा_घोडा
ओकायामात युद्धाआधीचं फारसं काही का दिसत नाही असं एका मित्रानं विचारलं होतं. २९ जून १९४५ ला बाँब टाकून शहर जाळलं गेलं, किल्लाही गेला. कुराशिकीचा हा भाग वाचला. सोळाएक किलोमीटरचं अंतर. पुलावर उभं राहिल्यावर हेही आठवावं असं मला वाटतं.

सोलापूरची_लेक
मंडळी, आलो जाऊन! काल रात्री परतलो. सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः काकू आणि कापूसकोंड्या काका. चुनाविटांचं ऐकून एक रात्र राहिलो आणि ते सगळ्यात बरं झालं.

मंगळवारी दहाच्या सुमारास पोचलो. कालव्यावर दोन हंस, काठाला विलोची झाडं, आई बाकावर बसली ती उठायलाच तयार नाही. मग आधी होडीत बसलो, वीसएक मिनिटांची फेरी, नावाडी लांब बांबूनं होडी ढकलतो. होडीतून भिंती खालून वर दिसतात आणि त्या खऱ्या कळतात, म्हणजे कोठार पाण्याला पाठ करून नाही, तोंड करून उभं आहे हे कळतं. होडी आमची पायऱ्यांना लागली तेव्हा बाबांनी दगडावर हात ठेवला आणि म्हणाले, घासलेत बघ, ओझ्यानं घासलेत. खरंच पायऱ्यांच्या मधला भाग वाटीसारखा खोल होता.

चुनाविटा, नामाको भिंत अगदी नाक लावून बघितली. एका सांध्यात बारीक तडा होता आणि तो पांढऱ्यानं भरलेला, जुना चुना थोडा पिवळसर आणि नवा शुभ्र, दोन्ही शेजारी शेजारी. आई म्हणाली, गोधडीला ठिगळ लावल्यासारखं केलंय.

मग आयव्ही स्क्वेअर. नोव्हेंबर असल्यानं वेल लाल झालेली, विटाही लाल. मी बाबांना मुद्दाम काही सांगितलं नव्हतं. दारातून आत गेलो, बाबा थांबले आणि त्यांनी वर बघितलं. छप्पर करवतीच्या दात्यांसारखं. म्हणाले, अगं ही तर गिरणी आहे. मग जे सुरू झालं! काचेची बाजू उत्तरेला का ठेवतात, तिरकं ऊन आलं की सावलीत तुटलेला धागा दिसत नाही आणि उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा म्हणून, पाण्याचे फवारे किती वाजता मारायचे, भोंगा झाल्यावर बाहेर येताना डोळ्यांच्या पापण्यांवर कापूस कसा बसलेला असायचा. नातवाला हे सगळं पहिल्यांदा कळलं. मलाही त्यातलं निम्मं पहिल्यांदा कळलं, इतकी वर्षं मी विचारलंच नव्हतं.

कापसाच्या जुन्या कोठारात कुराबोचं छोटं संग्रहालय आहे, तिथे जुनी यंत्रं ठेवलीत. तिथल्या एका वयस्कर गृहस्थांना मी सांगितलं की हे सूतगिरणीत होते. बाबांना जपानी येत नाही, त्यांना मराठी येत नाही. ते दोघं यंत्राच्या दोन बाजूंना उभे राहिले आणि बाबांनी हवेतच दोन बोटांनी तुटलेला धागा सांधून दाखवला, चिमटीत धरून पीळ द्यायचा तसा. त्या गृहस्थांनी तीच खूण त्यांच्या बोटांनी केली. मग दोघं हसले. मी फोटो काढायचा विसरले, राहून गेला.

रात्री सगळं शांत. दिवे पाण्यात. तिखटजाळ, मी मागच्या रस्त्यावर खिडक्या मोजल्या, अकरा होत्या, आणि एका घरातून टीव्हीवरच्या बेसबॉलचा आवाज येत होता.

ओकायामाकाकू
अगं बाई. डोळ्यांत पाणी आलं वाचून. पुढच्या वेळी मला कळव, मी येईन भेटायला, आईंना पुरणपोळी खाऊ घालीन.

तिखटजाळ
अकरा मान्य. आणि वाटीसारख्या पायऱ्या माझ्या नजरेतून सुटल्या, मी त्यांच्यावर बसून आइस्क्रीम खाल्लं होतं. फेब्रुवारीत ओसाकाला काम आहे, एक दिवस काढून जाईन, या वेळी राहीन.

कापूसकोंड्या
लेकी, बाबा कितीचं सूत, म्हणजे किती नंबरचं बारीक, काढायचे विचार. आणि त्यांना म्हणावं कोजिमा राहिलं, चित्रकार नव्हे, त्या नावाचं गाव. ते कुराशिकी शहराचाच भाग आहे, ओकायामाहून सेतो ओहाशी पुलाकडे जाणाऱ्या गाडीनं जायचं. आधी पायमोजे, मग शाळेचे गणवेश आणि १९६५ पासून जीन्स, सगळं तिथे शिवलं गेलं. ते निळं आइस्क्रीम कुठून आलं त्याची गोष्ट तिथे आहे.

सोलापूरची_लेक
काका, विचारलं. म्हणाले, चाळीसचं, शेवटी शेवटी साठचं पण. आणि तुमचा गिरणीचा नंबर काय, कुठे होतात असं त्यांनी उलट विचारलंय. तुम्हाला व्यक्तिगत निरोप करते, तुम्ही दोघं फोनवरच बोला. कोजिमा शनिवारी ठरलंय.

मु_पो_सांगली
एक शंका. होडीचं तिकीट आधी काढावं लागतं का?

ओकायामाकाकू
त्याच दिवशी मिळतं, कालव्याकाठच्या कुराशिकीकानमधे, पर्यटकांच्या माहितीकेंद्रात, १९१७ ची लाकडी इमारत आहे, फिकट हिरवट रंगाची. होडीत सहाच माणसं बसतात, त्यामुळे सकाळी पोचल्या पोचल्या आधी तिकीट काढा, मग बाकीचं. थंडीत होड्या फक्त शनिवार-रविवारी चालतात, तिखटजाळ, हे तुमच्यासाठी.